इनासने खडूने काढलेला तालुका

इनास, तारखा तुझ्याच पद्धतीने देतो. माझ्या पद्धतीने दिल्या असत्या तर दिनांक, वार आणि जावक क्रमांक असे सारे आले असते, आणि तू चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतास, "नाना, मानसं सनावर जगतात, जावक नंबरावर नाय." तेव्हा सणांवर घे.

पितृपक्ष. खाजणाच्या खाऱ्या दलदलीलगतच्या तबेल्यातले दोन गडी तापाने दगावले. जबाबदार: तबेल्याचा मालक, ज्याने "ते गावाला गेले" असे सांगितले; आणि ते खरे आहे का हे विचारण्याची गरज न वाटलेले प्रत्येक कार्यालय.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. गासच्या चर्चमध्ये आजाऱ्यांची नावे वाचता वाचता वाचणाऱ्या मुलीला मध्येच पाणी प्यावे लागले. जबाबदार: तत्कालीन साथरोग अधिकारी, ज्यांनी त्या साऱ्या तापांना "हवामानातील बदल" असे नाव दिले.

संक्रांतीचा आठवडा. माझ्या स्वतःच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला. जबाबदार: पुन्हा तेच अधिकारी. माझ्या अर्जावर त्यांनी "नोंद घेतली" असा शेरा मारला आणि कसलीही नोंद घेतली नाही.

होळीच्या अलीकडचा सोमवार. शाळेच्या सभागृहात, भरल्या सभेत, रोगाचे नाव उच्चारले गेले. जबाबदार: तू.

या वर्षीचा गुढीपाडवा. सोमवारची ताप-फेरी बंद करण्यात आली. जबाबदार: विद्यमान अधिकारी.

नावे मला ठाऊक आहेत. तू हयातभर ती मला छापू दिली नाहीस, म्हणून येथे केवळ पदे लिहिली आहेत. हा माझा तुझ्यापुढचा शेवटचा संयम समज.

तुला माती देऊन आलो तेव्हा लोकांना वाटले मी रडेन. तुझ्या सुनेने माझ्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. मी रडलो नाही. मूठभर माती टाकताना मी मनात मजकूर जुळवत होतो, आणि तो जुळवताना मला, खरे सांगतो, आनंद होत होता. ज्या माणसाच्या कबरीभोवती उभ्या असलेल्या तरुणांपैकी कित्येकजण त्या माणसामुळेच उभे आहेत, त्याच्यासाठी केवळ शोक करणे हा त्याच्या कामाचा अपमान झाला असता. आपण जिंकलो होतो, इनास. हे या लेखात प्रथम नमूद व्हावे.

तुझ्या चाहत्यांपैकी नव्या लोकांना हे ठाऊक नाही की याची सुरुवात विज्ञानाने झाली नाही, तक्रारीने झाली. तू शाळेतून निवृत्त झालेला जीवशास्त्राचा शिक्षक, मी दिवाणी न्यायालयातून निवृत्त झालेला बेंच क्लार्क. तू मला "वकील" म्हणायचास ते निव्वळ डिवचण्यासाठी. "कोर्टात तू जज्जाच्या खुर्चीच्या खाली बसायचास, नाना, वर नाही," हे वाक्य तू माझ्या जावयासमोरही बोललास. एका रविवारी तू चर्चमधल्या मिस्सेहून थेट माझ्या ओटीवर आलास आणि तक्रार केलीस की आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थना फार लांबू लागल्या आहेत.

"आधी कसं, एखादा म्हातारा, एखादं बाळंतपन," तू म्हणालास. वर्गात शुद्ध बोलणारा तू माझ्या ओटीवर मात्र गावचाच बोलायचास. "आता ताप, ताप, ताप. जवान पोरं. आनि सगळी वाडीत राबनारी, दुकानात बसनारं एकही नाय."

"अर्ज करू या," मी म्हणालो.

"कोनाला? देवाला केलाय तो."

त्यानंतर तू जे केलेस ते कोणत्याही आरोग्य खात्याच्या नियमावलीत नव्हते. आपल्या भागात चर्च किती आणि मिस्सा किती वेळांना, हे तुला पाठ होते. तू सायकल काढलीस. पहाटेची मिस्सा एका गावात, नंतरची दुसऱ्या, संध्याकाळची तिसऱ्या. लोकांना वाटले सरांना उतारवयात भक्तीचे वेड लागले. फादरांनी तुझे कौतुकही केले. तू मागच्या बाकावर बसायचास आणि आजाऱ्यांसाठीच्या विनंत्या सुरू झाल्या की कान द्यायचास: कोणत्या घरचा, कोणत्या वाडीचा, ताप की दुसरे काही. जे सरकारने मोजायचे ते लोक दर रविवारी मोठ्याने, सर्वांसमोर, मायक्रोफोनवर सांगत होते. फक्त ऐकणारा कोणी नव्हता.

दुपारी तू माझ्या ओटीवर यायचास, कारण तुमच्या अंगणात मातीच होती आणि माझ्या ओटीला शहाबादी लादी. खिशातून खडू काढायचास. शाळा सुटली तरी तुझ्या खिशातला खडू सुटला नव्हता. गुडघ्यांवर बसून तू लादीवर तालुका काढायचास: इकडे समुद्र, राजोडीचा किनारा, इथे गास, हा बांध, ही आमची आळी, हे खाजण, वर रेल्वेची रेघ. आणि ज्या ज्या घराचे नाव ऐकले असेल तिथे एक फुली. सोमवारी सकाळी माझी पत्नी लादी पुसायला यायची आणि तुम्हा दोघांचे भांडण ठरलेले.

"भावजी, पाय कुठे ठेवू मी?"

"वहिनी, हा तालुका आहे, केर नव्हे."

"तालुका असेल तर सरकारला पुसायला सांगा."

ती पुसायची. पुढच्या रविवारी तू नव्याने काढायचास आणि मागच्या फुल्या आठवणीने पुन्हा मारायचास. मी म्हणायचो, कागदावर काढ, प्रत करू, पुरावा होईल. तू म्हणायचास, "पुन्हा पुन्हा काढलं की हाताला समजतं." या मुद्द्यावर आपला वाद अखेरपर्यंत मिटला नाही. कागद असता तर खटला झाला असता असे मी आजही मानतो. पण पुन्हा पुन्हा काढला नसतास तर तुझ्या हाताला ते कळले नसते, हे मला आता मान्य आहे. हे मी तू असताना बोललो नाही.

तुझ्या नकाशाने पहिली गोष्ट सांगितली ती चुकीची सांगितली. फुल्या गासमधून पसरत बांधापर्यंत यायच्या आणि बांधावर थांबायच्या. पलीकडे आमची आळी, तिथे एकही नाही. रेघ ओढल्यासारखे. तू हा नकाशा तोंडी साथरोग अधिकाऱ्यांना सांगितलास, आणि त्या गृहस्थांनी तो आनंदाने उचलला. "म्हणजे तुमच्याच समाजात आहे हे," ते म्हणाले. "डुकरं पाळता ना? स्वच्छतेकडे लक्ष द्या." तू परत येऊन हे सांगितलेस तेव्हा तुझा चेहरा पाहून मी त्याच दुपारी अर्ज लिहिला. तो माझ्या आयुष्यातील उत्कृष्ट अर्जांपैकी एक आहे. त्यात मी लिहिले की रोगजंतू बाप्तिस्म्याचा दाखला पाहत नाहीत, आणि पाहत असतील तर तसा शासन निर्णय दाखवावा. तू तो वाचून हसलास, मग म्हणालास, "पन फुल्या तर थांबतात, नाना. ते का?"

याचे उत्तर आपल्याला माझ्या घराने दिले.

मुक्ता, माझी नात, तेव्हा शाळेत जाऊ लागली होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिला ताप भरला, आणि तिळगुळाच्या दिवशी अंगावर पुरळ उठले. आमच्या घरात पुढे काय होणार हे ठरलेले असते. माझ्या पत्नीने दारावर कडुलिंबाचा डहाळा लावला. घरात फोडणी बंद. डॉक्टर नाही, औषध नाही, आणि मुख्य म्हणजे उच्चार नाही. अंगावर आले की त्याचे नाव घ्यायचे नाही, ज्याला आले त्याचेही नाही, कोणाला सांगायचे नाही, देवी आली आहे ती आपल्या पावलांनी जाईल. कायद्यातले सारे ठाऊक असलेला मी त्या डहाळ्याखालून वाकून आत-बाहेर करत होतो.

तू केळ्यांचा घड घेऊन आलास आणि दारातच थबकलास. घड खाली ठेवला. मुक्ताला पाहण्याआधी तू डहाळ्याकडे पाहत राहिलास.

"वहिनी," तू विचारलेस, "आळीत आनखी कुठं लागलाय?"

"लागलाय की. वरच्या बाजूला सगळीकडेच आहे या वेळी. माघ लागू दे, उतरेल."

तू तिथेच पायरीवर बसलास. तुमच्याकडे ताप आला की त्याचे नाव माईकवर घेतात, आमच्याकडे ताप आला की त्याचे नाव तोंडातही आणत नाहीत. म्हणून तुझ्या फुल्या बांधावर थांबत होत्या. रोग थांबला नव्हता, उच्चार थांबला होता.

मग तू आत आलास, तुझ्या सवयीप्रमाणे विद्यार्थ्याला म्हणावे तसे म्हणालास, "मुक्ता, हात दाखव बघू, धुतलेस का?" तिने तळवे पुढे केले. तळव्यांवर ठिपके होते. तू पायाचे तळवेही पाहिलेस. मला म्हणालास, "गोवर तळव्यावर येत नाय सहसा. डॉक्टरीनबाईंना बोलव. आत्ता."

सरकारी दवाखान्यात त्या वर्षी नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाई सोलापूरकडच्या, राहायला फुलपाड्यात भाड्याच्या खोलीत. गासमधल्या काही आजाऱ्यांच्या तळव्यांवर त्यांनी असेच ठिपके पाहिले होते आणि वर कळवलेही होते. वरून त्यांना उत्तर आले होते की निष्कर्ष काढणे हे त्यांचे काम नाही. त्या आल्या, डहाळ्याखालून वाकूनच आल्या, मुक्ताचे केस बाजूला करून पाहू लागल्या आणि कानामागून चिमट्याने काहीतरी ओढून काढले. फुगलेली गोचीड.

"काका, ही कुठे खेळते हो?"

माझ्या पत्नीने सांगितले: तबेल्याची कुत्री आळीत फिरतात, त्यांची पिल्ले हिने ओसरीत आणली होती.

"देवीचा मान राहू दे, आजी," डॉक्टरीणबाई माझ्या पत्नीला म्हणाल्या. "डहाळा काढू नका. पण ही गोळी द्या. देवीला गोळीचं काही वाईट वाटत नाही."

जुने, स्वस्त औषध होते ते. दोन दिवसांत ताप उतरला. मुक्ता उठून बसली आणि तिने फोडणीची आमटी मागितली. इनास, माझी नात आता महाविद्यालयात जाते आणि मला माझ्या अर्जांतील शब्द सोपे करायला सांगते. या वाक्यातील प्रत्येक शब्द तुझ्या खात्यावर आहे.

त्या रविवारी ओटीवर जो तालुका निघाला तो नवा होता. तुझ्या फुल्या होत्याच. आता मी आणि माझी पत्नी आळीआळीतून फिरून आलो होतो, काही न विचारता, केवळ दारे पाहत. ज्या दारावर डहाळा, तिथे तू लादीवर कडुलिंबाचे एक पान ठेवलेस. बांधाच्या अलीकडे पाने, पलीकडे फुल्या. वाऱ्याने पाने हलू नयेत म्हणून पत्नीने दारे लावून घेतली. तुम्हा दोघांचे भांडण त्या दिवशी झाले नाही.

मग तिने चहा आणला आणि उभी राहिली. "ट्रे ठेवू कुठे? सगळीकडे तुमचे आजारी."

"बघा कुठं जागा असेल तर."

तिने पाहिले, आणि नकाशाच्या जवळजवळ मधोमध, जिथे फुली नव्हती, पान नव्हते, तिथे ट्रे टेकवला. "इथे कोणी आजारी नाही ना, मग इथे ठेवते."

तू कप उचललास, तोंडापर्यंत नेलास आणि तसाच धरून राहिलास. मला वाटले चहात साखर कमी आहे.

"नाना, ट्रे कुठंय?"

"समोर."

"समोर म्हंजे कुठं? कुठल्या जागेवर?"

मी वाकून पाहिले. एका बाजूला बांध, एका बाजूला खाजण. ट्रेखाली तबेला होता.

फुल्या आणि पाने त्याच्या भोवताली कडे करून उभी होती, आणि मधली जागा स्वच्छ, कोरी, चहा ठेवण्याजोगी. तेव्हा तू जे बोललास ते मी माझ्या पुढच्या प्रत्येक अर्जात, प्रत्येक वेळी अधिक जड भाषेत, पुन्हा लिहिले आहे. पण तुझ्याइतके सरळ मला कधी लिहिता आले नाही. तू म्हणालास, "तिथं कोनी आजारी नाय असं नाय, वहिनी. तिथल्या मानसांचं नाव घेनारं कोनी नाय. त्यांना चर्च नाय नि डहाळा लावायला दार नाय."

दुसऱ्या दिवशी आपण तबेल्यात गेलो. म्हशींच्या कानांत, आचळांभोवती गोचिडी द्राक्षांसारख्या लटकलेल्या. कुत्र्यांची तर कीव यावी. आपल्या दोघांच्याही वाड्यांतले शेणखत आणि पेंढा इथूनच गाड्या भरून जात होता. मालक म्हणाला, माझे सगळे गडी ठणठणीत आहेत, वाटल्यास विचारा. तू विचारलेस ते मालकाला नाही. गोठ्याच्या टोकाला, पेंढ्यावर, भगेलू नावाचा गडी पांघरूण घेऊन बसला होता. तू त्याच्या शेजारी पेंढ्यावरच बसलास, पांढऱ्या पँटसकट.

"बुखार कब से है, भाई?"

"आता जाता है, मास्साब. यहाँ सबको आता है."

"जो गाँव गए, उनको भी आया था?"

भगेलूने मालकाकडे पाहिले आणि पांघरूण ओढून घेतले. मालक बाहेर फोन घ्यायला गेला तेव्हा तो म्हणाला, "गाँव कौन गया? रामसुमेर और छोटेलाल तो यहीं गए. पितरपख में. हम लोग ही ले गए घाट पर." आणि मग, जणू आपण चूक काढू म्हणून, "किसी ने पूछा नहीं, मास्साब. पूछते तो बताते."

परतीच्या वाटेवर साथरोग कायदा, जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा, कामगारांचे कायदे, मी रस्त्याने मोठ्याने कलमे म्हणत होतो. तू एवढेच विचारलेस, "नाना, त्यांचं आडनाव विचारलं का आपन?" आपण विचारले नव्हते. तू तसाच मागे फिरलास.

डॉक्टरीणबाईंनी गासमधून, आळीतून आणि तबेल्यातून रक्ताचे नमुने घेतले, ते मुंबईच्या प्रयोगशाळेत गेले, आणि मी जिल्ह्याच्या कार्यालयास नोटीस दिली की अमुक दिवशी शाळेच्या सभागृहात जाहीर सभा आहे, अधिकाऱ्यांनी उपस्थित राहून खुलासा करावा, न राहिल्यास गैरहजेरी हाच खुलासा समजला जाईल. ते आले. नोटिशीला घाबरून आले असे मी मानतो. सभागृहात पंखे आहेत म्हणून आले असे तू मानायचास. हाही वाद राहिला.

ती सभा आठवते का तुला? पुढे गासच्या बायका, मागे आमची आळी, आणि दाराशी, आत यावे की नाही या विचारात, तबेल्याचे गडी. अधिकारी उभे राहिले आणि म्हणाले, "गोचीडतापाची या तालुक्यात आजवर नोंद नाही. त्यामुळे घबराट पसरवू नये."

मी उठणार होतो. माझे भाषण तयार होते, पाठ होते, त्यात कलमे होती. तू माझा सदरा मागून खाली ओढलास आणि स्वतः उभा राहिलास, फळ्यासमोर उभा राहायचास तसा.

"साहेब, नोंद कोण करतं?"

"आम्ही. म्हणजे कार्यालय."

"आणि कार्यालयाला कोण कळवतं?"

"दवाखाने कळवतात."

"कळवलं होतं दवाखान्यानं. कार्यालयानं काय केलं?"

"नोंद नसल्यामुळे..." ते म्हणाले आणि तिथेच थांबले, कारण सभागृह हसू लागले होते. तुझ्या वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाकडे तू जसे दयाळूपणे पाहायचास तसेच त्यांच्याकडे पाहत होतास. त्या हशात डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्यांनी प्रयोगशाळेचा निकाल वाचला. गासचे रक्त, आळीचे रक्त, तबेल्याचे रक्त, तिन्हींत एकच रोग.

अधिकाऱ्यांनी तो कागद मागून घेतला. उलटून पाहिला. मग, त्यांच्या पदास शोभेल अशा आवाजात, त्यांनी माईकवर ते नाव उच्चारले: "गोचीडताप. आहे." मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग बाबा, आता दवा दे की. उभा काय राहिलास." आणि तिथेच, इनास, त्या वाक्यावर आपण जिंकलो. औषध दवाखान्यात आले. जनावरांवर, कुत्र्यांवर औषध फवारले गेले, तबेल्याची जमीन खरवडून निघाली, पेंढा जाळला गेला. मालकाने फवारणीस हरकत घेतली तेव्हा मी माझे ते राहिलेले भाषण त्यास ऐकवले, कलमांसह, अखंड. हरकत त्याने मागे घेतली.

आणि त्यानंतरच्या रविवारी तुमच्या चर्चमध्ये, आजाऱ्यांच्या आणि मृतांच्या प्रार्थनेत, दोन नवी नावे वाचली गेली, पूर्ण, आडनावांसकट. वाचलीस तू. भगेलू मागच्या बाकावर बसला होता. हे मला त्याने नंतर सांगितले. मला त्याचा अर्थ कायद्याने सांगता येत नाही.

मग सोमवारची फेरी सुरू झाली. दवाखान्याचा कर्मचारी दर सोमवारी चर्चमध्ये विचारी, आळीत दारे पाही आणि तबेल्यात, सर्वांत आधी तबेल्यात, जाई. फुलपाड्यातील नव्या इमारतींत प्रार्थना नव्हती आणि डहाळाही नव्हता. तिथे डॉक्टरीणबाईंनी दूधवाल्यांना विचारण्याची पद्धत घातली, कारण तापात लोक दूध घ्यायचे थांबतात. "फुलपाड्याचं चर्च दुधाच्या किटलीत," असे तू म्हणायचास. राजोडीच्या एका कोळणीच्या अंगावर ठिपके दिसले आणि त्याच संध्याकाळी तिला गोळी मिळाली. ती बरी होऊन तुला बोंबील देऊन गेली आणि तू ते माझ्या घरी घेऊन आलास, माझी पत्नी शाकाहारी आहे हे माहीत असून. त्या वर्षापासून गेल्या वर्षापर्यंत या तापाने आपल्या टापूत एकही मृत्यू झाला नाही. तुझ्या कबरीवर हे वाक्य कोरावे असे मी तुझ्या मुलास सुचवले आहे. तो विचार करतो म्हणाला. मी स्मरणपत्र पाठवीन.

तुझी माझी खरी तक्रार एकच राहिली. मी जबाबदारांची नावे वर्तमानपत्राकडे पाठवू पाहत होतो आणि तू दर वेळी अडवायचास. "प्रार्थनेत आरोपी नसतो, नाना," तू म्हणायचास. "मग न्यायही नसतो," मी म्हणायचो. "अरे, पन गोळी असते," तू म्हणायचास आणि चहा मागायचास. मी आजही तुझ्याशी सहमत नाही. रामसुमेर आणि छोटेलाल यांच्या मृत्यूस कोणीतरी उत्तरदायी आहे, आणि क्षमा करण्याचा अधिकार त्यांचा होता, तुझा नव्हता. हे मी तुला ठणकावून सांगायला हवे होते. आता सांगितले.

आणखी एक. तुझ्या मातीहून परतताना गासची एक बाई माझ्याजवळ आली. "तुमची ती नात बरी आहे ना हो, मुक्ता?" मी विचारले, तुम्ही तिला कसे ओळखता. ती म्हणाली, "ओळखत नाय. पन ती आजारी होती त्या रविवारी सरांनी तिचं नाव वाचलं होतं मिस्सेत. आमी सगळ्यांनी गुडघे टेकले होते तिच्यासाठी."

माझ्या नातीचे नाव, माझ्या परवानगीशिवाय, अन्य धर्मस्थळी, जाहीररीत्या. इतकी वर्षे तू मला हे सांगितले नाहीस, कारण मी हरकत घेईन हे तुला ठाऊक होते. मी घेतली असती. लेखी घेतली असती. इनास, ती हरकत मी, न घेताच, मागे घेतो. तू तिचे नाव घेतलेस. माझ्या घरात त्या आठवड्यात ते कोणी घेत नव्हते.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो तुझ्यासाठी नाही.

पाडव्यापासून सोमवारची फेरी बंद आहे. विद्यमान अधिकाऱ्यांचे पत्र माझ्याजवळ आहे: "सदर रोगाचे रुग्ण आढळून येत नसल्याने विशेष सर्वेक्षणाची आवश्यकता उरलेली नाही." तू हे पत्र अंथरुणात वाचलेस, परत दिलेस आणि म्हणालास, "ट्रे ठेवला बघ त्यांनी." दरम्यान खाजणाच्या पलीकडे नवा तबेला उभा राहिला आहे. त्यातल्या गड्यांना ताप येतो की नाही हे त्या कार्यालयास ठाऊक नाही. ठाऊक करून घेणारी व्यवस्था त्यांनीच मोडली आहे. मोडण्यापूर्वी ती कोणी उभी केली हे त्यांनी विचारलेही नाही.

म्हणून मी, हा लेख लिहिणारा, विद्यमान साथरोग अधिकाऱ्यांस या लेखाद्वारे जाहीर सूचना देतो. इनास सरांच्या निधनाला महिना झाल्याची मिस्सा गासच्या चर्चमध्ये येत्या रविवारी आहे. मिस्सेनंतर चर्चच्या फरसबंद अंगणात मी खडूने तालुका काढीन. माझे गुडघे दुखतात. मुक्ता मदत करील. समुद्र, राजोडी, गास, बांध, आळी आणि रेल्वेची रेघ सारे त्यात असेल. नव्या तबेल्याची जागा मी कोरी सोडीन, एका माणसाला उभे राहता येईल एवढी. अधिकाऱ्यांनी यावे, त्या जागेत उभे राहावे, आणि तेथील गड्यांची नावे काय, त्यांना शेवटचे कोणी विचारले, आणि रुग्ण आढळत नाहीत म्हणून शोध थांबवला की शोध थांबवला म्हणून रुग्ण आढळत नाहीत, याचे उत्तर माईकवर, सर्वांसमोर द्यावे.